काचेवरची टकटक

पॅरिस, ६ मार्च १९५७

माझ्या आईस,

तुझ्या दोन्ही गालांना लेकाचे मुके. मी ठणठणीत आहे. काल संसदेत खाणीतल्या धुळीवर बोलायला उठलो, तर मागून कुणीतरी कुजबुजलं, "कोळशेवाला आला, कपडे सांभाळा." खाणीत छताची लाकडं करकरताना ऐकलेले कान माझे, कुजबुज कशी सुटेल! वळून म्हटलं, "साहेब, तुमच्या शेगडीतला कोळसा आमचाच. ऊब लागतेय ना?" तोही हसला.

बाबांच्या माघारी त्यांच्या कबुतरांना दाणे कोण घालतं?

सेलेस्तिनताई लिहिते, तुझा खोकला कमी आहे. अक्षर मात्र घाईतलं, म्हणून माझी खात्री पटत नाही. तू तिला विचारलंस म्हणे, "माझ्या वेळीही तो चर्चबाहेरच उभा राहणार का?"

आई, गावचा नगराध्यक्ष झाल्यापासून प्रत्येक अंत्ययात्रेत मी चर्चच्या दाराशी थांबलो. आम्हा कम्युनिस्टांची तीच रीत. पण परवापासून ते जुने रविवार आठवतायत. तू आत प्रार्थनेला, मी आणि बाबा समोरच्या कॅफेत. प्रार्थना संपली की तू छत्रीने काचेवर टकटक करायचीस आणि बाबा अर्धा पेला टाकून उठायचे.

पक्षातल्या फर्नांला सांगितलं, तर म्हणाला, "आता पाद्री होतोस वाटतं?" म्हटलं, "नाही रे. इतकी वर्षं तीच आम्हाला न्यायला यायची. एकदा मी आत जाईन."

तर तुझ्या वेळी आत येईन, पहिल्या बाकावर बसेन. घाई मात्र करू नकोस. ईस्टरला गावी येतोय. प्रार्थना संपेपर्यंत कॅफेत काचेजवळच बसेन. छत्री घेऊन ये.

तुझा,
लेओपोल