येंधळ्याच्या वह्या

सर, रविवारी तुमच्या घरी जाऊन आले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. सहा वर्षं झाली, आणि सांगलीहून रहिमतपूर म्हणजे काही काशी नव्हे, सकाळी निघालं तर जेवायला पोचतो माणूस. तरी पाय निघाला नाही. का निघाला नाही तेच तुम्हाला सांगायचं म्हणून बसलेय, आणि बसल्यापासून दोनदा चहा झाला, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालून झालं, उगाच एक कप्पा आवरला. आम्ही पोरं अभ्यास टाळायला लागलो की तुम्ही ‘सोंगं बंद करा’ म्हणून डस्टर आपटायचात. तर आता सरळच सांगते. तुमच्या कादंबरीच्या वह्या इतकी वर्षं माझ्याकडे होत्या, आणि काकूंनी फोन करून विचारलं तेव्हा मी सांगितलं की नाहीत.

त्या कादंबरीचा जन्म मी पाहिलेला आहे. सातवी ब, ऑफ तास, बाहेर पीटीची शिट्टी वाजतेय, आणि तुम्ही टेबलावर बसून दोन जादूगारांची गोष्ट लावलीय. एक मोठा. त्यानं चुटकी वाजवली की पाऊस, दुसरी वाजवली की किल्ला उभा, राजा पाया पडणार आणि हा पालखीतून निघून जाणार. दुसरा येंधळा. त्याला मंत्राचं पहिलं आणि शेवटचं पाठ, मधलं नेमकं विसरणार. आग विझवायला गेला तर सगळ्या गावाला उचकी लागली. राजाचा आजारी घोडा बरा करायला गेला तर घोडा बोलायला लागला आणि भर दरबारात राजाची लफडी सांगत सुटला. एरवी तुम्ही शिकवताना जपून, पुस्तकातलं बोलायचात. आटपाडीकडच्या मेंढपाळाच्या घरातनं आलेला माणूस, मराठीचा मास्तर झालेला, तुम्हाला तुमची भाषा तोलून मापून वापरायची सवय झाली होती. पण येंधळा तोंड उघडायचा तो तुमच्या घरच्या बोलीतच. “थांबा वो, इसरलो. आत्ता आठवंल. तंवर कुणी हलायचं न्हाई.” आम्ही बाकावर डोकी आपटून हसायचो.

त्याच वर्षी ‘मी जादूगार झाले तर’ असा निबंध तुम्ही घातला होता. मी झकास लिहिला, असं मला वाटत होतं. माझ्या जादूगारणीनं एका पानात दुष्काळ हटवला, भांडणं मिटवली, आजीचे गुडघे बरे केले. तुम्ही माझी वही सगळ्या वर्गासमोर उघडलीत आणि पुस्तकातलं सोडून येंधळ्याच्या बोलीत म्हणालात, “काय गं, तुझ्या बाईला समदंच जमतंय की. मग आमी तिची गोष्ट कशाला ऐकायची? तिला एक तरी काम बिघडवू दे.” वर्ग हसला आणि मी मधल्या सुट्टीत नळाजवळ जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक वही दिलीत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांमधली उरलेली कोरी पानं काढून, दाभणानं सुतळी ओवून तुम्ही स्वतः शिवलेली. “घे. ह्यात बिघडव,” म्हणालात. शाळेत दुसऱ्या कुणाला तुम्ही अशी वही दिली नव्हती, आणि त्या कौतुकाच्या नादात तुम्ही काय म्हणालात ते मी विसरून गेले.

म्हणजे पुढं मी लेखिका झाले आणि दोन पुस्तकं लिहिली, दोन्ही जादूगारांची, आणि दोन्हींत सगळ्यांना सगळं जमत होतं. बरी खपली. शाळांमधून बोलावणी यायला लागली. आणि एक दिवस दार वाजलं, उघडलं तर तुम्ही. पांढरा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, एसटीच्या प्रवासानं विस्कटलेले केस. “आवं लेखिकाबाई, घरात घेताय का दारातनंच वाटेला लावताय?” तुम्ही चहा बशीत ओतून प्यायलात, माझी पुस्तकं हातात घेऊन उलटीसुलटी पाहिलीत, कागदाचं कौतुक केलंत. मग पिशवीतनं वह्या काढल्यात, तशाच दाभणानं शिवलेल्या. रिटायर झाल्यावर बसून कादंबरी लिहून काढली म्हणालात. “आता तू तपास. लाल पेन पण आणलाय. आन् मुरवत करू नगं, मी तुझी केली न्हवती.” तुम्ही खरंच खिशातून लाल पेन काढून वह्यांवर ठेवलात. तुमचा चेहरा त्या वेळी निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा झाला होता, आणि मला त्याची गंमत वाटली.

मी वाचायला घेतलं ते स्वयंपाकघरात. दूध उतू गेलं, कळलं नाही. नवरा आत येऊन विचारतोय की एकटीच काय हसतेस, आणि मला हसू आवरत नाहीये. विहिरीच्या प्रकरणाला तर मी ओट्यावर डोकं टेकलं. गावाला पाणी हवंय, येंधळा आटलेल्या विहिरीच्या काठावर उभा राहून मंत्र म्हणतो, मधलं विसरतो, आणि विहीर गुडगुडून आजवर तिच्यात पडलेलं सगळं बाहेर टाकते. बादल्या, कळश्या, कुणाची पाटली, कुणाच्या आजोबांची कवळी, एक चालू घड्याळ. पाणी सोडून सगळं. आणि गाव ‘हे माझं, ते तुझं’ म्हणून भांडत सुटतं. तिसऱ्या दिवशी मात्र माझं हसू बंद झालं. मी जळले, सर. दुसरा शब्द नाही. माझी दोन पुस्तकं दुकानात होती आणि त्यांतला एकही जादूगार तुमच्या येंधळ्याच्या पासंगाला पुरला नसता. मी तुमचाच लाल पेन घेतला आणि विहिरीचं प्रकरण ज्या वहीत होतं तिच्या शेवटच्या पानावर लिहिलं: हे पात्र कथेला मागे ओढते. त्याची भाषाही वाचकांना जड जाईल. पूर्ण काढावे. मोठ्या जादूगारावरच भर द्यावा. अक्षर अगदी ठाशीव काढलं होतं.

फोनवर हेच सांगितलं तेव्हा तुम्ही नीट ऐकून घेतलंत. मग म्हणालात, “मला वाटलं हुतं त्योच बरा उतरलाय. पर तू म्हणतीस तर असंल. तुला ह्यातलं कळतं.” मी त्या क्षणी ‘सर, थांबा’ म्हणायला हवं होतं. ‘आत्ता आठवंल’ म्हणायला हवं होतं. पण मी म्हणाले, वह्या पोस्टानं पाठवते. तर तुम्हीच म्हणालात, राहू देत तुझ्याकडंच, मला सगळं पाठ हाय, त्याला वगळून नव्यानं लिवतो. आणि लिहिलीत. पहिल्यापासून, वर्षभर बसून. प्रकाशकाकडून ती साभार परत आली. परत येणार हे मला ठाऊक होतं, कारण तीत फक्त मोठा उरला होता.

पुढच्या गोष्टीला काही माफी नाही. माझ्या तिसऱ्या पुस्तकात एक धांदरट जादूगार आला. मी त्याला वेगळं नाव दिलं, चष्मा घातला, हातात छत्री दिली आणि स्वतःला पटवलं की हा माझाच. त्याची भाषाही तीच ठेवली, वाचकांना जड जाणारी. विहिरीचं प्रकरण तर वही शेजारी उघडी ठेवून उतरवून काढलं. ते पुस्तक असं काही चाललं की विचारू नका. एका कार्यक्रमात मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माईकवरून विचारलं, हा तुम्हाला भेटला कुठं? मी म्हणाले, “सुचला.” टाळ्या पडल्या. तुम्हीही ते पुस्तक विकत घेऊन वाचलंत आणि मला फोन केलात. तुम्ही म्हणालात, “लय ग्वाड उतरलाय गं. माझ्यापेक्षा तुला जमला.” टोमणा असता तर बरं झालं असतं, मी मनातल्या मनात भांडले तरी असते. पण तुम्ही खुशीत होतात. एवढंच विचारलंत, “पर गाव भांडाय लागल्यावर त्यो पळून का जातोय? माझा न्हवता जात.” मी म्हणाले, पुढच्या भागासाठी ठेवलंय सर. तुम्ही म्हणालात, बरं बरं.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी कुंडलच्या एका शाळेत तेच प्रकरण वाचून दाखवत होते. मधल्या वेळात मोबाईलवर निरोप आला. मी तो वाचला, मोबाईल पर्समध्ये टाकला आणि उरलेलं वाचून पूर्ण केलं. पोरं हसली. ना मातीला आले, ना दहाव्याला. काकूंना भेटायचं तर वह्यांचा विषय निघेल ही एकच धास्ती. दुःखाचं मी नंतर बघू म्हणून बाजूला सारलं.

गेल्या महिन्यात काकूंचा फोन आला. तुमची नात आता सातवीत आहे. तिनं माझं पुस्तक वाचलं आणि आजीला म्हणाली, ह्यो तर आजोबांचा येंधळा हाय, मला झोपवताना सांगायचे की. काकूंना त्यात काही वावगं वाटलं नाही, सर. उलट आनंद. त्यांना फक्त पहिल्या वह्या हव्या होत्या, पोरीला वाचायला. मी पटकन म्हणाले, “काकू, त्या मी तेव्हाच सरांना परत दिल्या होत्या.” आठ दिवसांनी पुन्हा फोन. “अगं, माळ्यावर चढून समदं हुडीकलं. शिडीवरनं घसारले, कोपर खरचाटलं बघ. न्हाईत गं.” पंचाहत्तरीची बाई माझ्या थापेपायी शिडीवर चढली होती. मला स्वतःची किळस आली. रविवारी वह्या पिशवीत भरल्या आणि स्टँड गाठलं.

काकूंना सांगितलं की जुन्या गठ्ठ्यात सापडल्या. म्हणजे आणखी एक थाप. त्या म्हणाल्या, “बघ, मी म्हणतच हुते, तू जपूनच ठिवल्या असणार.” भाकरी टाकता टाकता त्या बोलत होत्या आणि तुमची नात उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचत होती. घोडा दरबारात बोलायला लागला तसा काकूंनी पदर तोंडाला लावला. हसता हसता डोळे पुसून म्हणाल्या, “अगदी माझं मामंजी!” तुमचे वडील पाणाड्या होते हे मला तेव्हा कळलं. तळहातावर नारळ घेऊन रानभर फिरायचे आणि नारळ उभा राहिला की म्हणायचे, हितं खांदा, पाणी लागंल. “आन् निम्म्या येळंला कोरडं लागायचं गं! पर कोरडं लागलं म्हणून कुणाचं रान सोडलं न्हाई त्यांनी. मेंढरं पोरांवर टाकायची, कुदळ घ्यायची, आन् त्या लोकांसंगं महिना महिना खांदत ऱ्हायचं. म्हणून तर लोक परत त्यास्नीच बोलवायची.” मग तव्यावरची भाकरी उलटून सहज म्हणाल्या, “दुसऱ्यांदा लिवताना ह्यांनी त्यास्नी काढूनच टाकलं. मी इचारलं, का वो? तर म्हणाले, पोरीनं सांगितलंय, पोरगी हुशार हाय.” मी पुढ्यातल्या ताटात मीठ शोधत बसले.

तुमच्या वहीत तो पळून जात नाही. गाव भांडत असतं, आणि येंधळा धोतराचा काचा मारून कुदळ मागतो आणि विहिरीत उतरतो. एकेक जण भांडण टाकून त्याच्यामागं उतरतो. प्रकरण संपतं तेव्हाही पाणी लागलेलं नाही, फक्त वरून कुणीतरी त्याच्यासाठी भाकरी सोडतंय. हे मी तेव्हाच वाचलं होतं. माझ्या पुस्तकात घेतलं नाही, कारण मला ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं. म्हणजे तुमच्या वडिलांचं पडणं तेवढं मी उचललं, आणि त्यांचं थांबणं तुमच्या वहीतच राहू दिलं.

जेवणं झाल्यावर तुमच्या नातीनं शेवटची वही मिटली आणि माझ्याकडे आली. तुमच्यासारखंच एक भुवई वर करून बघते ती. म्हणाली, “तुमच्या पुस्तकात तो विहिरीपासून पळून जातो. आजोबांच्यात काय करतो? विहिरीचं ह्यात नाहीच.” काकू भांडी घासत होत्या. मी म्हणाले, “आजोबांनी तेवढं लिहिलंच नसावं, बाळा.” ती “अस्सं” म्हणाली. तिचा विश्वास बसला, सर.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि काकूंच्या पत्त्यावर टाकायची माझी छाती नाही. वह्या पाच होत्या. मी चार दिल्या.