शेपटीचा घास बंद झाल्याबाबत

प्रति,
माननीय अधीक्षक,
निवृत्त हेलिकॉप्टर साठवण व भंगार आवार

अर्जदार : आवाराच्या कुंपणालगतच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणारी गृहिणी

विषय : चार नंबरच्या हेलिकॉप्टरचे दार तूर्त न काढण्याबाबत.
संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यावरील आपले एका ओळीचे उत्तर.

महोदय,

आपल्या उत्तरात "सदर हेलिकॉप्टर वापरात नाही" असे म्हटले आहे. हे वस्तुस्थितीस धरून नाही, हे नम्रपणे निदर्शनास आणून देते. सदर हेलिकॉप्टर रोज सकाळी व दुपारी माझ्या मुलीच्या जेवणासाठी वापरात असते.

१. मुलगी पावणेदोन वर्षांची असून खाण्याच्या नावाने शंख आहे. इतर घरांत मुलांना चिऊचा घास, काऊचा घास म्हणून भरवतात. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चिऊ-काऊ दिसत नाहीत, आपली हेलिकॉप्टरे दिसतात. म्हणून मी हा घास पंख्याचा, हा शेपटीचा, हा चाकाचा, हा नाकाचा, अशी पद्धत सुरू केली. वाटी संपू लागली. उडत्या हेलिकॉप्टरांना लागतील तसे सुटे भाग या बसलेल्यांचे काढून नेतात, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

२. गेल्या महिन्यात आपल्या माणसांनी चार नंबरच्या डोक्यावरचा पंखा उतरवला. त्या दुपारी मी पंख्याचा घास समोर धरला. मुलीने बाहेर पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि ओठ घट्ट मिटले. तिचेही बरोबरच आहे. नसलेल्या पंख्याचा घास कोण खाईल? पुढे शेपूट गेली, मग चाके. तसतसे घास गेले, आणि मुलीचे वजनही उतरले. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी चिऊ-काऊ होते गं बाई, त्यांचे पाय कुणी काढून नेत नव्हतं." यावर आपल्याकडे उत्तर असल्यास कळवावे.

३. पर्याय शोधले नाहीत असे नाही. शेजारचे पाच नंबर दाखवले. ते तिला परके वाटते. यजमानांनी पुठ्ठ्याची शेपूट कापून खिडकीच्या काचेवर चिकटवली. मुलगी खुर्चीत ताठ बसली की शेपूट बरोबर चार नंबरला लागे. पण ती जरा डावीकडे कलली आणि शेपूट पलीकडच्या पाण्याच्या टाकीला जाऊन बसली. मुलीने टाकीचा एक घास खाल्ला, थोडा विचार केला आणि तो यजमानांच्या सदऱ्यावर परत केला.

४. आता उरले नाक आणि दार. नाकाचा घास भाताचा, तो कसाबसा जातो. खरी भिस्त दारावर आहे. ते खिळखिळे असल्याने वाऱ्याने उघडते, आणि ते उघडले की मुलगीही तोंड उघडते. तेवढ्यात भाजी आत सारावी लागते. वारा पडला की मी चमचा धरून दाराकडे बघत उभी राहते. काल आपल्या फाटकावरचे पहारेकरीकाका म्हणाले, "ताई, सोमवारी दार निघणार. आणि हे भंगार आहे, पाळणाघर नाही." महोदय, दार गेल्यावर तिने तोंड उघडायचे कशाला? नुसत्या नाकावर मूल वाढत नाही.

५. मोडतोड थांबवा, अशी माझी मागणी नाही. फक्त क्रम बदलावा. आसने, तारा, पोटातली यंत्रे, म्हणजे खिडकीतून जे दिसत नाही ते आधी काढावे. मुलगी स्वतःच्या हाताने जेवू लागली की दार खुशाल न्यावे. यजमान म्हणतात, "भूक लागली की खाईल, तू उगाच जीव टांगणीला लावतेस." त्यांना दिवसभर वाटी हातात धरावी लागत नाही.

आपली नम्र व वाटी हातात घेऊन उभी असलेली,
(सही)
चार नंबरसमोरच्या खिडकीतील मुलीची आई
दिनांक : रविवार, ११ मार्च

सोबत : १) डॉक्टरांच्या शिक्क्यासह मुलीच्या वजनाचा तक्ता
२) पुठ्ठ्याची शेपूट (पाहून परत करावी)

ता. क. (सोमवार) : पाकीट बंद करण्याआधीच आज दुपारी दार गेले. पाठोपाठ क्रेनने चार नंबरला साखळ्यांनी बांधून, बाकीच्यांच्या डोक्यावरून वजनकाट्याकडे उचलले. ना पंखा, ना चाके, असे ते धूड आमच्या खिडकीसमोर हेलकावे खात गेले. मुलीने बोट दाखवले, "उडालं!" म्हणाली आणि आ वासला, तो मिटलाच नाही. मी बाहेर काय चालले आहे ते न बघता सगळी वाटी भरवली, भाजीसकट. वजन झाल्यावर आपल्या माणसांनी ते परत जागेवर आणून ठेवले, याबद्दल आभारी आहे.

तरी वरील विनंती रद्द समजून चार नंबरचे वजन रोज दुपारी जेवणाच्या वेळी पुन्हा करून पाहावे. एकदा केलेले वजन चुकू शकते. डॉक्टरसुद्धा माझ्या मुलीचे दोनदा करतात. तिचे भरले की मी स्वतः येऊन सांगेन.

पुठ्ठ्याची शेपूट परत करू नये. चार नंबर खाली उतरताना मुलीने "शेपूट?" असे विचारले, तेव्हा ती दुरुस्तीला गेली आहे, उद्या येईल, असे मी सांगून बसले आहे. उद्या उचलण्याआधी ही पुठ्ठ्याची बांधावी, आणि कृपया मला खोटे पाडू नये.