डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाखरू

अष्टमी, रोहे
२ नोव्हेंबर १९८५

ती. सौ. मालूताईस,
वत्सूचा कृ. सा. न. वि. वि.

दामोदरभावजी पक्षाघातानंतर काठी घेऊन ओटीपर्यंत आले हे कळून फार बरं वाटलं. तुझं पत्र भिंग लावून वाचायला मला दोन दिवस लागले, म्हणून उत्तराला उशीर.

डोळ्यांचीच बातमी आधी देते, घाबरू नकोस. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. नजरेचा मधला भाग हळूहळू पुसट होत जाणार आणि त्यावर औषध नाही, असं म्हणाले. समोर माणूस उभा असतो आणि नेमका त्याचा चेहराच धुक्यात असतो. लिहिते ती हाताच्या सवयीने. लिहिलेलं परत वाचता येत नाही. तेव्हा ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर रागावू नकोस. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बीट्रिस काही आता पट्टी घेऊन यायच्या नाहीत.

डोळे आहेत तोवर एक पाहून घ्यायचं ठरवलंय. मुंबईचं एक निसर्गमंडळ जानेवारीत अंदमानला पक्षी पाहण्याची आठ दिवसांची सहल नेतंय. तिथल्या रानात कावळ्याएवढा काळाभोर सुतारपक्षी आहे, नराच्या डोक्यावर लाल तुरा. जगात दुसरीकडे कुठे नाही. पस्तीस वर्षं शाळेत मुलांना तो चित्रातच दाखवला.

मंडळ मला एकटीला नेणार नाही. तुला घर सोडता येत नाही हे ठाऊक आहे, म्हणून विचारलंच नाही. सोबत वरशाची गिरजाबाई येणार. आपली जमीन कसणाऱ्या कुळाची सून ती; माझ्या प्रौढांच्या वर्गात अक्षरं गिरवायला यायची. आता रोज सकाळी दूध घेऊन येते आणि पेपर वाचून दाखवते. तिला विचारलं तर म्हणाली, की जन्मभर पाखरं हाकलली, आता बघायला विमानानं जायचं व्हय?

आशीर्वाद असू दे. माया आहेच, ती काळजीखाली दडपू देऊ नकोस.

तुझी,
वत्सू

पेण
९ नोव्हेंबर १९८५

चि. वत्सूस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि देवापुढे जाऊन बसले. डोळ्यांचं तू इतक्या सहज लिहिलंस, जणू चष्म्याची काडी मोडली. चकल्यांचं पीठ भिजवलेलं तसंच राहिलं, आणि ह्यांनी पहिल्यांदाच न मागता चहा दिला, तोही डाव्या हाताने, अर्धा बशीत.

सहलीला जायला माझी ना नाही. लहानपणी कुंडलिकेच्या काठी बगळे मोजत बसायचीस आणि मी तुला शोधत चिखलातून यायची. तू जाशीलच. पण सोबतीला गिरजा? बाबांची वरशाची चार एकर जमीन कूळकायद्यात तिच्या सासऱ्याकडे गेली, त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. तू विसरलीस, मी नाही. आधी जमीन घेतली, आता बहिणीचा हात धरून हिंडायला निघाली. जन्मभर डबे बडवून पाखरं उडवलेली बाई तुला पक्षी काय दाखवणार? विमान उडालं की रोह्यापर्यंत ऐकू येईल असं ओरडेल. तुमच्या त्या मुंबईच्या माणसांत ती बसणार कुठे, जेवणार कशी? आपल्या पडवीत बसणारी माणसं पडवीतच बरी.

रागावू नकोस. तुझ्या काळजीनेच लिहिलंय. हे मात्र आपल्या दोघींतच ठेव.

फराळाचा डबा एसटीने पाठवते. प्रकृतीला जप आणि या म्हातारीचं बोलणं गोड मानून घे.

तुझी,
मालूताई

अष्टमी
१८ नोव्हेंबर १९८५

ती. सौ. मालूताईस सा. न.

फराळ पोचला. पत्रही पोचलं.

तुझं अक्षर मुंगीएवढं, आणि आंतरदेशीयाच्या कडेपर्यंत भरलेलं. या वेळी भिंगाखालीही नुसत्या काळ्या रेघा दिसल्या. गिरजाबाई दूध घेऊन आलीच होती, तिच्या हातात दिलं आणि वाच म्हटलं. आता तुला कळलं असेल.

मी शिकवलं तसंच तिने वाचलं. बोट ओळीखाली, एकेक शब्द सुटा. स्वतःचं नाव आलं तेव्हाही आवाज हलला नाही. मी म्हटलं, पुरे, थांब. तर म्हणाली की पत्र अर्धं वाचायचं नसतं, बाई, तुम्हीच सांगितलंय. जमिनीचं वाचलं, डबे बडवण्याचं वाचलं, पडवीचं वाचलं. आपल्या दोघींतच ठेव, हेही वाचलं. मग घडी घातली आणि विचारलं, की कुठं ठेवू? तिने ते देवळीत ठेवलं, दुधाचं भांडं विसळलं आणि गेली.

आज पाचवा दिवस. दूध तिची सून जनी आणून देते. सासूबाय भात झोडतायत, इतकंच सांगते, आणि माझ्या तोंडाकडे बघत नाही असं मला वाटतं. बघत असली तरी मला कुठे दिसतंय?

पत्र तिच्या हातात मी दिलं, ती चूक माझी. शब्द तुझे. ती आली नाही तर मी सहलीतली जागा सोडणार. दुसऱ्या कुणाचा हात धरून मला ते रान पाहायचं नाही. पुढच्या वर्षी नेतील, पण पुढच्या वर्षी मला काय दिसणार आहे?

जास्त लिहवत नाही. भावजींना नमस्कार.

वत्सू

पोर्ट ब्लेअर
१७ जानेवारी १९८६

ती. सौ. मालूताईस,
बेटावरून साष्टांग नमस्कार.

तुझं उत्तर नाही, तरी लिहिते. आम्ही आलो, दोघीही. सहाव्या दिवशी सकाळी गिरजाबाई दूध घेऊन हजर. फक्त विचारलं, की तिकडं थंडी असते का, घोंगडी घ्यायची का?

विमानात ओरडलं कुणी असेल तर मी. ते वर उचललं तशी माझ्या तोंडून अशी किंकाळी निघाली की हवाई सुंदरी धावत आली. गिरजाबाईने माझा हात घट्ट धरला आणि तिला समजावलं, की आमच्या बाई पहिल्यांदाच बसल्यात. जशी काही ही दर सोमवारी बसते!

इथे फार गंमत आहे. समुद्राकाठच्या या विश्रामगृहात जो तो आपापल्या छंदापायी आलेला. कलकत्त्याची म्हातारी मंडळी झाडाखाली बसून जलरंगांत समुद्र काढतात. मद्रासचा एक गट शंखशिंपले ओळखतो. नागपूरच्या बासष्ट वर्षांच्या एक बाई पोहायला शिकतायत आणि आज किती हात मारले ते जेवताना सगळ्यांना सांगतात. आम्ही टाळ्या वाजवतो. परवा सगळ्यांना काचेच्या तळाच्या होडीतून नेलं. मला खाली नुसते रंग कालवलेले दिसले, पण गिरजाबाईने मासा न् मासा सांगितला. हा हळदीत बुडवून काढलेला, हा खणाची चोळी घातलेला, आणि हा बघा, आमच्या काळुराम तलाठ्यासारखा, तोंड वेंगाडून नुसता उभा. होडीवाल्याला मराठी येत नव्हतं, तरी तोही हसत होता.

पण सुतारपक्षी. तीन दिवस सगळ्यांना दिसला आणि मला नाही. झाडावर ठकठक व्हायची, दुर्बिणी वर जायच्या, आणि मी पाहीन तिथे नेमकं धुकं. चौथ्या दिवशी चिडिया टापूच्या रानात मी एका ओंडक्यावर बसून राहिले आणि खरं सांगते, रडले. आमचे गटप्रमुख शरदराव, बँकेतले तरुण गृहस्थ, फार भले. ते पुस्तकातलं चित्र काढून मला समजावू लागले. गिरजाबाई म्हणाली, की पुस्तक ठेवा, साहेब. मग तिने माझी हनुवटी धरली आणि तोंड झाडापासून बाजूलाच वळवलं. म्हणाली, की भातावर पोपट उतरले की त्यांच्याकडं सरळ बघायचं नाय, लगेच उडतात. नजर बांधावर ठेवायची न् डोळ्याच्या कोपऱ्यातून पाखरू धरायचं, मग गोफण. तुमी त्या आभाळाच्या तुकड्याकडं बघा, बाई, न् ध्यान हिकडं ठेवा.

मी मोकळ्या आभाळाकडे पाहिलं. आणि कडेला, जिथे धुकं पोचलेलं नाही तिथे, खोडावर काहीतरी काळं सरकलं. वर चढलं. थांबलं. लाल तुरा मागे गेला आणि ठक्कन आपटला. मालूताई, मी पाहिला. पुरा पाहिला, उडून जाईपर्यंत.

डॉक्टरांनी मला काय जाणार ते सांगितलं, काय उरणार ते हिने दाखवलं. तेव्हापासून मी सगळंच असं तिरकं पाहते. समोरचा माणूस समजतो की बाईंचं लक्ष नाही. काल असाच गिरजाबाईचा चेहरा पाहिला, वर्षभरात पहिल्यांदा. नाकात चमकी आहे हे मी विसरलेच होते.

आता ती कुठे बसते ते सांगते. आमच्या गटाच्या मधोमध. संध्याकाळी दुर्बिणी गळ्यात घातलेली निम्मी मुंबई तिच्याभोवती असते, आणि ती टॉवेलाची गोफण करून कशी फिरवायची ते शिकवते. शरदरावांनी काल स्वतःचाच चष्मा उडवला.

हे सगळं तुलाच सांगावंसं वाटतं, दुसऱ्या कुणाला नाही. एवढं ओळखून घे.

तुझी,
वत्सू

वरसे
२९ जानेवारी १९८६

पेणच्या थोरल्या ताईंना गिरजाचा नमस्कार.

हे पत्र मी माझ्या मनानं लिहिते, बाईंना ठाऊक नाय. चुकलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र वाचून मला राग आला. खोटं कशाला लिहू. पाच दिस भात झोडलं, एकेक पेंढी तुमच्या नावानं झोडली. यंदा पेंढ्यात एक दाणा राहिला नाय. मग वाटलं, माझा राग उतरंपर्यंत बाईंचे डोळे थांबणार नाय. म्हणून गेले.

जमीन सरकारनं दिली, आम्ही मागून घेतली नाय. पण तुमचे बाबा त्या दिवशी जेवले नाय हे मला ठाऊक नव्हतं. ते वाचताना वाईट वाटलं. मला ठाऊक आहे ते तुम्हाला सांगते. सासरे सांगायचे, सही करून झाल्यावर तुमच्या बाबांनी पाणी मागितलं. कोण तरी वाड्यातनं तांब्या आणायला धावला, तर नको म्हणाले, न् सासऱ्यांच्या हातचं पाणी प्याले.

बाई बऱ्या आहेत. दिसा मी असते, रातची जनी सोबतीला जाते. तुमचं नाव रोज काढतात, पण लिहायला बसल्या की हात थांबतो. तुम्ही लिहा. काय पण लिहा, मी वाचीन.

तुमच्या मालकांच्या पायाला निरगुडीचा शेक द्या.

गिरजा

पेण
६ फेब्रुवारी १९८६

चि. वत्सूस आशीर्वाद, आणि गिरजाबाईंना माझा नमस्कार.

अडीच महिन्यांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. रोज आंतरदेशीय घेऊन बसायची. पहिलं वाक्य लिहिलं की ते गिरजाबाईंच्या आवाजात ऐकू यायचं आणि पेन खाली ठेवावं लागायचं. साठी उलटल्यावर कळलं, की लिहिण्याआधी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून पाहावं.

गिरजाबाईंनी मला तुझ्या चोरून पत्र घातलंय. आता हे तुला वाचून दाखवताना त्यांची कशी फजिती होते ते मनात आणून मला हसू येतंय. बाबा पाणी प्याले हे त्यांनी लिहिलं. इतकी वर्षं मला बाबांचं न जेवणं तेवढं ठाऊक होतं. ते पत्र मी चारदा वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी नुसता माझा हात थोपटला.

वत्सू, खरं सांगू? मला राग जमिनीचा नव्हताच. विचारलंच नाही, असं तू लिहिलंस ना, ते लागलं. विचारलं असतंस तर मी नाहीच म्हणाले असते. तरी विचारायचं होतंस. तुझा हात धरायचा मान माझा, असं मी आपलं धरून चालले होते, आणि हात तर दुसरीनेच कधीपासून धरलेला. ते सोसवेना, म्हणून जमीन काढली, पडवी काढली.

काल परसात तुमची विद्या करून पाहिली. विहिरीकडे बघत चिंचेवरचा साळुंक्यांचा जोडा डोळ्याच्या कोपऱ्यात धरायला गेले, तर मान अवघडली आणि साळुंक्या उडाल्या. पाखरं राखायला किती अक्कल लागते ते कळलं. निरगुडीचा शेक चालू केलाय. पाय हलका वाटतो म्हणतात.

होळीला दोघींनी पेणला यायचं. गिरजाबाईंचं पान माझ्या शेजारी, आतल्या घरात. पुरण मी वाटीन, पोळ्या त्या लाटतील की नाही ते त्यांनी ठरवावं. पाहुण्या म्हणून बसल्या तरी चालेल.

आता शेवटचं. माझं ते वाईट पत्र गिरजाबाईंनी एक शब्द न गाळता वाचलं. पण स्वतःबद्दल चांगलं आलं की त्या नक्की गिळून टाकतील आणि सही वाचून मोकळ्या होतील. तेव्हा वत्सू, सहीच्या आधी दोन वाक्यं आहेत. ती ऐकू आली नाहीत तर त्यांना परत वाचायला लाव, मोठ्याने.

गिरजाबाई, माझं चुकलं. तुम्ही माझ्या बहिणीजवळ आहात, म्हणून मला इथे पेणला झोप लागते.

तुम्हा दोघींची,
मालती