सव्विसावी चिठ्ठी

१ डिसेंबर, रविवार
एसटीतून रिटायर होऊन सात महिने झाले. आज कुठे माझ्या योग्यतेचं काम मिळालं. देगलूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीने मला नाताळ समितीचा सेक्रेटरी केलं. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, पण बिनविरोध म्हणजे बिनविरोध.
माझी योजना पाळकसाहेबांना लगेच पटली. दरवर्षी गरिबांना पुढे बोलावून ब्लँकेट देतात, ते बिचारे लाजतात. यंदा सव्वीसच्या सव्वीस घरांनी आपली गरज बिननावाच्या चिठ्ठीवर लिहायची. ज्याला जी चिठ्ठी येईल त्याने ती वस्तू नाताळला झाडाखाली ठेवायची. सगळेच घेणार, सगळेच देणार. गरीब कोण ते कळायचंच नाही.
बायकोला, तारामतीला म्हटलं, आपल्या घराची चिठ्ठी तू लिही. मला वेळ नाही.

८ डिसेंबर, रविवार
चिठ्ठ्या उचलल्या. सेक्रेटरी म्हणून मी शेवटी. कोणाला शाल आली, कोणाला चष्मा, कोणाला शाळेचं दप्तर. माझ्या वाट्याला आलेली: "नाताळच्या दिवशी आमच्या माणसाने घरी थांबावं. दुसरं काही नको."
हे काय दुकानात मिळतं? अक्षर बाईचं. ओळखीचं वाटत नाही.
मग वाईट वाटलं. कोण हा नवरा, जो सणालाही घरात नसतो? असल्याला चार शब्द सुनावणं सेक्रेटरीचंच काम. संकल्प: २५ तारखेच्या आत त्याला शोधून घरी बसवणार.
तारामतीला वाचून दाखवलं. म्हणाली, सापडंल का तुम्हाला? म्हटलं, तीस वर्षं बसस्टँडवर कंट्रोलर होतो. हरवलेल्या एसट्या शोधल्या, हा तर माणूस आहे. ती मेथी निवडत राहिली.

१६ डिसेंबर
कॅरलफेरी सुरू. टाइमटेबल मीच केलं: घराला बारा मिनिटं. दोन गाणी, प्रार्थना, चहा. पहिल्याच घरात पाऊण तास गेला. आजीला तेलुगू गाणं पाहिजे, सुनेला मराठी, वर भजे तळून राहिले, बसा म्हणे. आजच्या दहापैकी चारच घरं झाली. लोकांना शिस्त नाही. फायदा एवढाच की प्रत्येक घरातला नवरा नीट बघता येतो.

१९ डिसेंबर
संशयित पहिला: ट्रक चालवणारा उमाशंकर. गाणं संपताच बाजूला घेऊन अर्धा तास समजावलं. त्याची बायको नागुबाई दारात आली. म्हणाली, भाऊ, जाऊन राहिले तर जाऊ द्या की त्यायला. घरी बसले की दर घंट्याला चहा मागतेत, लई वैताग हाय.
उमाशंकर आता माझ्याशी बोलत नाही. खरं बोललं की माणसाला झोंबतं.

२२ डिसेंबर, रविवार
आजवर सहा नवरे झाले. चौघं चिडले. एक रडला, त्याची बायको मागच्या वर्षी वारली, हे माझ्या लक्षात नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, दयानंदराव, शांतीचा सण आहे, जरा शांतीने घ्या.
ऋतुजा २५ ला लातूरहून येणार. तारामती म्हणाली, पोरगी येऊन राहिली, तुम्ही जेवायला असाल न्हवं? म्हटलं, उपासना सुटली की मला अर्धापूरला निघायचंय, तिकडे राहायला गेलेल्या आपल्या एका कुटुंबाची वस्तू पोचवायची आहे. म्हणाली, तीस नाताळ ड्यूटीवर गेले, आता तर रिटायर झालात. म्हटलं, ड्यूटी अंगात भिनलेली आहे. बायकांना हे समजत नाही.

२५ डिसेंबर, सकाळी ७
आज निकाल लावतो. उपासनेनंतर चिठ्ठी सर्वांसमोर वाचणार. माणसात लाज असेल तर आपणहून उभा राहील.

२५ डिसेंबर, सायंकाळी ५
वाचली. कोणी उभं राहीना. पुन्हा वाचली, मोठ्याने. सगळी मंडळी माझ्याकडेच बघत होती. मागे ऐकू आलं नसेल म्हणून तिसऱ्यांदा वाचली.
तेव्हा तारामती उठली. पुढे आली, माझ्या हातातून चिठ्ठी घेतली. म्हणाली, ही माझी हाय. तुम्हाला न्हाई जमायचं, दुसरी लिहिते. पाळकसाहेबांचा पेन मागून घेतला, चिठ्ठीच्या मागे लिहिलं, "पाच लिटरचा कुकर", आणि जागेवर जाऊन बसली.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
अर्धापूर रद्द केलं. तरी झाडाखालचं वाटप उरकून घरी यायला तीन वाजले. दाराला कुलूप. किल्ली शेजारी. ऋतुजा आईला लातूरला घेऊन गेली. ओट्यावर माझं ताट झाकून ठेवलेलं. जेवलो नाही. फार लाज वाटली.

२६ डिसेंबर
सकाळपासून घरीच. पायरीसुद्धा उतरलो नाही. घरात कोणी नाही.
दुपारी ऋतुजाला फोन लावला. म्हटलं, आईला सांग, मी दिवसभर घरी थांबलोय. तिने आत जाऊन सांगितलं. परत येऊन म्हणाली, आई विचारून राहिली, मग कुकर आणायला कोण गेलं?