कूष्मांड नवमीचा हॅलोविन

॥ श्री ॥

हॅरो,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५ (कोजागिरी)

सौ. सुप्रभाताईंस,
अरुणावहिनीचा स. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोन लावला की तुमचे दादा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लावायला सांगतात. आजची बातमी त्यांच्याबद्दलचीच आहे. ते भाजी आणायला गेलेत तेवढ्यात लिहायला बसले.

जूनमध्ये यांची तीन महिन्यांची साखर इथल्या मापात सत्तेचाळीस निघाली हे तुम्हाला ठाऊक आहे. अठ्ठेचाळीसला मधुमेहाचा शिक्का बसतो. डॉक्टरांच्या दवाखान्यातली, आपल्या त्या सर्जरीतली, नर्स म्हणाली, गोळ्या आत्ताच नकोत, खाण्यावर ताबा ठेवा, दहा नोव्हेंबरला पुन्हा रक्त पाहू. जाता जाता पावलंही तपासते म्हणाली, तर हे बुटाची नाडी सोडेनात. घाई आहे म्हणून उठले. निवृत्त माणसाला घाई कसली? तुमच्या बाबांचं पाऊल साखरेपायी गेलं तेव्हा त्यांना पाठुंगळी घेऊन दवाखान्याचे जिने चढणारे हेच होते. विषय काढत नाहीत, पण जूनपासून झोपतानासुद्धा मोजे काढत नाहीत.

मग मला जमेल ते मी केलं. आषाढीला चातुर्मासाचा नेम धरला. कार्तिकीपर्यंत साखर बंद, गूळ बंद, मधाची पळवाटही नाही. आज दूधसुद्धा नुसत्या केशर-वेलदोड्याचं. आणि कोणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. संकल्पाचं पाणी सोडताना मी माझ्याबरोबर यांचंही नाव घेतलं. न विचारता. विचारलं असतं तर म्हणाले असते, देवधर्म तुझा तुझ्यापाशी. आता यांनी बाहेर जिलबी खाल्ली तर नेम कोणाचा मोडला, हे मला कळेनासं झालंय. स्टेशनच्या वाटेवर मिठाईची चार दुकानं आहेत आणि हे रोज संध्याकाळी नेमके स्टेशनपर्यंत फिरायला जातात. माझ्या वहीप्रमाणे तीन महिन्यांत दोन किलो साखर घरात कमी आली. बाहेर काय चाललंय ते वहीत कसं लिहू?

आता आनंदाची गोष्ट. आमची नात, राजीव-मंजिरीची अक्षरा, मेडनहेडहून हाफ-टर्मच्या सुट्टीत आठवडाभर आमच्याकडे येणार आहे, आणि तिला आमच्या गल्लीत हॅलोविन करायचाय. आजवर एकतीस ऑक्टोबरला आम्ही पुढचे दिवे मालवून मागच्या खोलीत बसायचो. या वर्षी पंचांग उघडलं, तर त्याच दिवशी कूष्मांड नवमी. कोहळा दान करायचा दिवस. पूर्वी कोहळ्याच्या पोटात सोनं-चांदी लपवून गुप्तदान करत, असं माझी आई सांगायची. अख्खं गाव त्या दिवशी भोपळे दारात मांडणार आणि मीच तेवढी दार लावून बसू? ठरवलं, या वर्षी दार उघडायचं. मला दोन रात्री झोप नाही. पण दारात खाऊ मागायला येणाऱ्या भुतांना साखर न देता वाटेला कसं लावायचं ते कळवा. तुम्ही त्यातल्या जाणकार.

साखर कमी केली तरी लोभ पूर्वीच्याच मापाने असू द्यावा,
अरुणा


मिल्टन कीन्स,
रविवार, १२ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस,
सुप्रभाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा हसले. दुसऱ्याच्या नावाने नेम धरणारी तुमच्यासारखी तुम्हीच. उद्या माझ्या नावाने पोहायचा क्लास लावाल. दादाला सांगून टाका हो. तो रागावला तर दोन दिवस बोलणार नाही, तेवढाच तुम्हाला आराम. बाबांच्या पावलाची आठवण मलाही येते. मी तेव्हा कॉलेजात होते, परीक्षेचं निमित्त करून दवाखान्यात जायचं टाळायचे. दादाने कधी टाळलं नाही. दहा तारखेचं मलाही ओझं झालंय.

हॅलोविनचं आता नीट वाचा. दारात भोपळा असला आणि दिवा लागलेला असला तरच मुलं येतात, नाहीतर पुढे जातात. घरी केलेला पदार्थ कोणी घेत नाही, आईबाप घेऊ देत नाहीत, तेव्हा चकल्या तळायला घेऊ नका. दाणेही नकोत, काहींना चालत नाहीत. आमच्या गल्लीतली एक बाई सॅटसुमा संत्र्यांवर काळ्या पेनाने भुतांची तोंडं काढते. संत्र्याचं संत्रं आणि भोपळ्याचा भोपळा. सोबत पेन्सिल द्या, स्टिकर द्या. चिमुरडी साडेचारलाच येतात, मोठी सहानंतर. एखादं कार्टं चॉकलेट कुठाय म्हणून विचारेल. हसायचं आणि दुसरं सॅटसुमा द्यायचं.

अक्षराला चेटकीण करू नका, त्या दहा येतील. तिला आपली हडळ करा, उलट्या पावलांची. ती इथे कोणी पाहिलेली नाही.

भाऊबीजेला वाट पाहते. दादाच्या ताटात अक्रोड ठेवीन, शपथ. आशीर्वादात काटकसर करू नये,
सुप्रभा


हॅरो,
१५ ऑक्टोबर

चि. सुप्रभास अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने तुला पत्र पाठवलं हे मला तिकिटांच्या पाकिटावरून कळलं. आठ होती, सात राहिली. आत काय लिहिलं ते विचारत नाही. घरात भुतांची तयारी जोरात आहे. तिने काल जेवणाच्या टेबलावर सहा सॅटसुमांवर डोळे काढून पाहिले. एक हुबेहूब माझ्यासारखं झालं म्हणून बाजूला ठेवलंय.

एक काम आहे. भाऊबीजेला तू ताटात अक्रोड वाढणार हे मला दिसतंच आहे. वाढ. पण आईच्या पद्धतीचे बेसनाचे अकरा लाडू, दाणेदार, चांदीच्या कागदात बांधून आमच्या गाडीच्या मागे स्टेपनीच्या खणात ठेव. का, ते विचारू नकोस आणि लांब तोंड करू नकोस. दहा तारीख मलाही पाठ आहे. अरुणाला मात्र सांगू नकोस. तिला कळलं तर लाडू त्याच पावली देवळात जातील.

तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस ना? न लावता लावते म्हणू नकोस.

तुझा,
पुरुषोत्तमदादा


॥ श्री ॥

हॅरो,
शनिवार, १ नोव्हेंबर

सौ. सुप्रभाताईंस,
अरुणावहिनीचा स. न. वि. वि.

आधी हॅलोविन सांगते, मग तुमच्याशी भांडते.

काल सकाळी कोहळ्याला हळदकुंकू वाहून तो देवळात दिला. घरचा भोपळा अक्षराने आणि मी गुरुवारीच पोखरून ठेवला होता, गराचं दह्यातलं भरीत झालं. टोपण लावून तो शेडमध्ये गारव्याला ठेवला. तोंड ताजं कापायचं, असं अक्षराचं म्हणणं. ती हडळ अशी झाली म्हणून सांगू. माझं जुनं हिरवं लुगडं, मोकळे केस, आणि यांच्या मोज्यांत कापूस भरून केलेली पावलं टाचेमागे शिवलेली. पुढे चालली तरी मागे निघाली असं वाटायचं. शेजारच्या शशीने फाटक उघडलं आणि तिथूनच माघारी वळली. हे वेताळ झाले होते, म्हणजे अंगावर घोंगडी आणि हातात माझी काठी.

चारलाच अंधारून आलं. मी पायरीवर पाट टाकून भोपळा कापायला बसले. लाल भोपळा चिरण्यात माझा हात कोणी धरणार नाही. फाटकापाशी दोन चिमुकली भुतं आईबापांसकट येऊन उभी होती, सगळ्यांचं लक्ष माझ्या सुरीकडे. दोन डोळे काढले. तोंडाची मोठी फाक ओढून काढली, तर आत चांदीचा कागद. सुरीने तो फाटला होता, आणि भोपळ्याच्या तोंडात जिभेसारखा एक पिवळा लाडू. बेसन-तुपाचा वास पार फाटकापर्यंत गेला. अक्षरा तिच्या मराठीत ओरडली की आजी, पम्पकिनने लाडू खाल्ली. लहान भुताने टाळ्या वाजवल्या, त्याला वाटलं आम्ही मुद्दाम केलंय.

मी वळून वेताळाकडे पाहिलं. वेताळ म्हणाले, आज कूष्मांड नवमी, गुप्तदान केलंय.

सगळ्यांसमोर काय बोलणार? पुडकं काढून मी यांच्या घोंगडीत कोंबलं, भोपळ्यात दिवा लावला आणि सॅटसुमं वाटायला घेतली. रागही होता आणि आनंदही, कारण मुलं येतच होती. सदतीस आली, ताई. चॉकलेट एकानेच मागितलं. त्याला हडळीने उलट्या पावलांनी फाटकापर्यंत पोचवलं, मग तो दोनदा पुन्हा आला. इतकी वर्षं या गल्लीत राहते, पण इतक्या लोकांनी मला नावाने हाक कधी मारली नव्हती.

सात वाजता दार लावलं आणि मी यांना विचारलं की किती खाल्ले. यांनी पुडकं टेबलावर उघडलं. अकराच्या अकरा. गॅरेजमध्ये लपवले होते, मी खुर्च्या काढायला गॅरेज आवरायला घेतलं म्हणून घाईने भोपळ्यात आणून ठेवले. सुरी तिथवर पोचेल हे डोक्यात आलं नाही म्हणे. मग खायचे नव्हते तर आणले कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, रविवारी कार्तिकी, नेम संपला की सोमवारी पहिला घास बहिणीच्या हातचा घ्यायचा होता. आधी बोललो असतो तर तू देवळात देऊन टाकले असतेस.

नेम कोणाचा, असं मी विचारलं. तर म्हणाले, देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत नाही, पडदा आहे. आषाढीला मी चहाचं आधण ठेवत होतो. एकेचाळीस वर्षांत माझं नाव तुझ्या तोंडून एकदा लग्नातल्या उखाण्यात ऐकलं आणि एकदा त्या दिवशी. स्टेशनकडे जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जातो, दुकानं या बाजूला आहेत.

मी उठून भांडी घासायला लागले.

आता भांडण. शपथ अक्रोडाची घेतलीत आणि लाडू स्टेपनीत ठेवलेत. भाऊबीजेला माझ्यासमोर कसा साधा चेहरा ठेवला होता हो तुम्ही. रागावले आहे, हे पत्र संपेपर्यंत. त्यानंतर पूर्वीसारखीच,
अरुणा


मिल्टन कीन्स,
४ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींस,
सुप्रभाचा सा. न. वि. वि.

शपथ मोडलेली नाही. अक्रोड ताटात होते, लाडू गाडीत. तुम्ही मॅट्रिकच्या, शब्द नीट वाचायला हवेत.

खरं सांगू? लाडू वळताना मला रडू आलं होतं. वाटलं, दादाने हाय खाल्ली, आता तो काही पाळणार नाही, आणि मी त्याला हातभार लावतेय. नाही म्हणवलं नाही. आता सोमवारची वाट बघवत नाही. तो पावलं दाखवेल का हो? तेवढं मात्र त्याच्या नावाने तुम्हाला करता येणार नाही. आकडा काहीही आला तरी त्याच दिवशी कळवा. पायांवर डोकं ठेवते,
सुप्रभा


॥ श्री ॥

हॅरो,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर

सौ. सुप्रभाताईंस,
अरुणावहिनीचा स. न. वि. वि.

सोमवारच्या रक्ताचा आकडा काल सर्जरीत मिळाला, तो फोनवर ऐकलातच, पण कागदावर लिहायचा मान मला द्या. त्रेचाळीस. अजून काठाच्या आत आलेले नाहीत, बेचाळीसच्या खाली जायला हवं, पण गोळ्या नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा रक्त. एक लाडू द्वादशीला चौघांत वाटला, अक्षरा घरी परतली होती, तिचा वाटा राजीव घेऊन गेला. उरलेले तुलसीविवाहाच्या प्रसादात दिले. डबा मात्र मंडपात पोचेपर्यंत यांनी स्वतःच्या हातात ठेवला.

नर्सने विचारलं, कोणतं डाएट केलं. यांनी तिला चातुर्मास समजावून सांगितला. बराच वेळ लागला. सुरुवातीची आणि शेवटची तारीख तिने लिहून घेतली आणि मला म्हणाली की सर्जरीत साखरवाल्या पेशंटांची दर महिन्याला बैठक असते, तिथे येऊन दहा मिनिटं बोला. मी. इंग्रजीत. मी म्हटलं मी मॅट्रिक आहे, तर म्हणाली साखर सोडलेली त्यांच्यात कोणीच नाही. सत्तावीस तारीख ठरलीय. नारायणपेठ नेसू की साधी कॉटन, ते उलट टपाली कळवा.

जे फोनवर स्पीकरमुळे सांगता आलं नाही ते आता सांगते. नर्सने बोलायच्या आतच हे खुर्चीवर बसून वाकले. एक नाडी सुटली, दुसरी सुटली, मोजे निघाले. तिला म्हणाले, माझ्या वडिलांचं पाऊल गेलं होतं, नीट बघा. माझ्या देखत त्यांनी हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं. डोळे मिटायला सांगून ती तळव्यांना बारीक तार टोचून विचारत होती, कळतंय का. हे प्रत्येक वेळी हो म्हणत होते. दहा वेळा टोचलं, दहाही वेळा हो.

कालपासून हे घरभर अनवाणी फिरताहेत. आज पहाटे बाहेर दंव होतं, स्वयंपाकघरातली लादी बर्फासारखी. मी चहा गाळत होते. मोजे घाला, पाय गारठतील, असं मी ओरडले. तर हे लादीवर दोन्ही पाय घट्ट रोवून उभे राहिले आणि हसत म्हणाले, गारठलेत, अरुणा, दोन्ही गारठलेत.

थंडीत सांभाळून असा, आणि आमच्यावर माया आहे तेवढी राहू द्या,
अरुणा