लिंगाखालची खपली

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

शेतवस्ती, ता. उमरगा
१९ सप्टेंबर २०२४

चि. शिवानीस काकूचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर मला काय बी ऐकू येत न्हाय आणि तुझे काका ‘बरा हाय’ म्हणून फोन ठेवून देतात. म्हणून रुद्रेशच्या टेम्पोबरोबर हे पत्र. तो कांदा घेऊन सोलापूरला निघालाय.

काका बरे न्हाईत गं. आठवडा उलटला, ताप उतरंना. डोकं लई ठणकतंय. उमरग्याच्या दवाखान्यात ठेवलंय. डेंग्यू न्हाय, मलेरिया न्हाय, मग हाय तरी काय? गेल्या साली तुझ्या बाबांचा ताप बी असाच होता. बंडप्पाभावजी गेले, पण त्या तापाचं नाव कळलं न्हाय. माझा जीव थाऱ्यावर न्हाय.

आणि यांचा हट्ट बघ. छातीवर गळ्यातल्या इष्टलिंगाच्या डबीखाली काळी खपली धरलीय, चटका बसल्यावानी. डॉक्टरला दाखवा म्हणलं, तर लिंगाचा दोरा, शिवदार घासला म्हणतात, दुखत बी न्हाय म्हणतात. परक्याचा हात लिंगाला लागू द्यायचा न्हाय, म्हणून तपासणी बी पाठीवरनंच! मीच मग मऊ दोऱ्याचा नवा शिवदार घातला.

शेंगाचटणी पाठवलीय. दवाखान्यात रात्रपाळीला उपाशी जाऊ नको. काकूला विसरू नको.

तुझी,
शांताक्का

सोलापूर
१९ सप्टेंबर, सायंकाळ

ती. काकांस, सा. न. वि. वि.

तुम्ही माझाही फोन ठेवलात, म्हणून हे पत्र रुद्रेश थेट तुमच्या खाटेपाशी आणून देईल. रागवा, पण पूर्ण वाचा.

काका, ती खपली शिवदारानं झालेली वाटत नाही. बांधावरच्या गवतात एक किडा असतो, गोचिडापेक्षा कितीतरी बारीक, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. तो चावलेला कळत नाही, पण तिथं अशी काळी खपली धरते आणि ताप चढतो. स्क्रब टायफस म्हणतात त्याला. आमच्या वॉर्डात असे पेशंट दर पावसाळ्यात येतात. वेळेवर गोळ्या मिळाल्या की चालत घरी जातात. उशीर झाला की फुप्फुसावर, किडनीवर जातं. बैलांसाठी गवत कापून तुम्ही तिथंच उघड्या अंगानं आडवे होता, मला ठाऊक आहे.

डॉक्टरांशी बोलले मी. खपली दिसली तर आजच गोळ्या सुरू करतो म्हणाले. लिंगाला कुणी हात लावणार नाही. पूजेला घेता तसं डाव्या तळहातावर घ्या आणि छाती दाखवा. एवढंच.

बाबांना हेच होतं का, ते आता कधीच कळणार नाही. पण तुम्हाला मी असं जाऊ देणार नाही. माझ्यावर माया असेल तर सदरा काढा.

तुमची,
शिवानी

शेतवस्ती
२६ सप्टेंबर

चि. शिवानीस अनेक आशीर्वाद.

घरी आणलं बघ त्यांना! तुझं पत्र वाचलं, परत एकदा वाचलं. मग उठून बसले आणि मला म्हणाले, सदरा काढ. लिंग तळहातावर घेतलं, पण अशक्तपणानं हात वर ठरंना. मी खालनं माझा हात धरला. डॉक्टरनं खपली बघितली आणि लगेच गोळी दिली. दोन दिवसांत ताप उतरला. आज ज्वारीची भाकरी मागून खाल्ली आणि आमटीत मीठ कमी म्हणून मला बोलले बी. तवा माझ्या जिवात जीव आला.

सरकारी दवाखान्याची आशाताई जगदेवी वस्तीवर येऊन गेली. घराभोवतीचं गवत काढा, रानातनं आलं की अंघोळ करा, कपडे धुवा, असं सांगत होती. पोरं हसत होती, एवढ्याशा किड्यानं माणूस मरतो व्हय म्हणून.

तर तुझे काका उठले. ज्यांनी डॉक्टरला छाती दाखवली न्हाय, त्यांनी भर वस्तीत सदरा काढला, लिंग तळहातावर घेतलं आणि ती खपली समद्यांना दाखवली. म्हणाले, नीट बघून ठेवा, माझ्या भावाची कुणी बघितली न्हाय.

एकबी पोरगं हसलं न्हाय मग.

दिवाळीला ये, आमचा जीव तुझ्यात अडकलाय.

तुझी,
शांताक्का