शेजारच्या टेबलाला माहीत होतं

तीर्थरूप बाबा,
साष्टांग नमस्कार.

अभनपूरचा रस्ता खणल्याचं आमच्या रुग्णवाहिका केंद्रात कोणालाच माहीत नव्हतं, असं मी मागे लिहिलं. ते चूक होतं. शेजारच्या टेबलावरच्या सुशीलभैयांना सकाळीच कळलं होतं. मी गाडी त्याच रस्त्याने पाठवली आणि बाळंतिणीपर्यंत पोचायला तिला उशीर झाला. "दीदी, आपने पूछा ही नहीं!" सुशीलभैया नंतर म्हणाले. बाळंतीण सुखरूप आहे, काळजी नको.

टेबलांनी एकमेकांना सांगत जावं म्हटलं, तर साहेब म्हणतात, "अपनी टेबल देखो, ये चाय की टपरी नहीं है." पण दिवसभरात कळलेलं सगळ्यांना सांगितल्याशिवाय तुम्ही आम्हाला ताटावरून उठू देत नव्हता. मी इथे तेच करणार. नोकरी अजून पक्की नाही, भीती वाटते. तरी गप्प बसणार नाही.

आईचा गुडघा कसा आहे?

शिफ्ट बदलताना दोन्ही टेबलांना एकत्र बसवून, साहेबांसमोरच, मी पहिली बोलणार आहे: येत्या सोमवारी, सोळा तारखेला.

तुमची लाडकी,
इरावती